बिनतारी हेडफोनमधल्या तारा

वायरलेस हेडफोन उघडून बसलात तर पहिली गंमत ही दिसते की आत तारा आहेत. केसापेक्षा थोड्या जाड, रंगीत, डोक्यावरच्या पट्टीतून एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गेलेल्या. कानाजवळचा जो पडदा हलून आवाज करतो त्याला वीज लागते, आणि ती तारेतूनच येते. हवेतून येते ती फक्त माहिती.

एवढं डोक्यात बसलं की 'वायरवाला चांगला की वायरलेस' या भांडणातला अर्धा धुरळा खाली बसतो. फोनमधल्या फाइलपासून कानापर्यंतचा रस्ता दोन्हीकडे सारखाच आहे. आधी फाइल उलगडायची. मग आकड्यांची विजेची लहर करायची. हे काम करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ती अशक्त लहर अँपने, म्हणजे अँप्लिफायरने, दणकट करायची आणि शेवटी ड्रायव्हरच्या, म्हणजे कानाजवळच्या त्या हलणाऱ्या पडद्याच्या, हवाली करायची. वायरच्या हेडफोनमध्ये डॅक आणि अँप बाहेर राहतात: फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा माणूस आवाजाचा दर्दी असेल तर टेबलावरच्या वेगळ्या डब्यात. हेडफोन ही फक्त शेवटची कडी. वायरलेसमध्ये डॅक, अँप, बॅटरी, रेडिओ आणि एक छोटा संगणक असं सगळं बिऱ्हाड कानावरच्या वाटीत राहायला येतं.

या स्थलांतरात काय बिघडतं आणि काय सुधारतं, हे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: आवाजातला जो फरक लोक तारेच्या नावावर जमा करतात, त्यातला बराचसा तारेचा नसतोच.

हलतं ते काय

बहुतेक हेडफोनांत डायनॅमिक ड्रायव्हर असतो. एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. वेटोळ्यातून गाण्याची वीज वाहिली की ते चुंबकाजवळ पुढेमागे सरकतं, पडदा हलतो, हवा हलते. जर्मनीच्या बायरडायनॅमिकने १९३७ मध्ये डीटी ४८ हा हेडफोन आणला तेव्हा त्याच्या आत हेच होतं आणि आजच्या बहुतेक इअरबडमध्येही हेच आहे.

दर्दी मंडळींच्या जगात आणखी दोन जाती भेटतात. प्लेनार मॅग्नेटिकमध्ये वेटोळं नसतं. पातळ फिल्मवरच वीज वाहण्याचे पट्टे छापलेले असतात आणि चुंबकांच्या रांगा तिला एकाच वेळी सगळ्या अंगाने ढकलतात. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबकही नाही. विद्युतभारित फिल्म दोन जाळ्यांच्या मध्ये ताणलेली असते आणि जाळ्यांवरचा विद्युतदाब बदलला की ती थरथरते. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये असा हेडफोन विकायला काढला. त्यांच्या सध्याच्या हेडफोनांना फिल्म भारित ठेवायला ५८० व्होल्ट लागतात, म्हणून सोबत त्यासाठीच बनवलेला खास अँप घ्यावा लागतो. हे यंत्र सहसा खिशात मावत नाही. प्लेनार मात्र आता काही वायरलेस हेडफोनांतही मिळतो, त्यामुळे 'भारी ड्रायव्हर हवा तर वायरच हवी' हा जुना नियम तितकासा खरा राहिलेला नाही.

ब्लूटूथच्या चिंचोळ्या दारातून

आता ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद होतो तो. ब्लूटूथवरून गाणं पाठवताना त्यातलं काही गळतं का? हो, जवळजवळ नेहमीच गळतं. पण किती, आणि जे गळतं ते ऐकू येणारं होतं का, हा पुढचा प्रश्न लोक विचारत नाहीत.

सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. नेहमीच्या ब्लूटूथला एवढा ओघ सलग, न अडखळता वाहणं जमत नाही. त्यातून ते बिचारं २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात काम करतं, त्यातच वायफाय आहे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. या गर्दीत टिकून राहायला क्लासिक ब्लूटूथ ७९ अरुंद मार्गिकांमध्ये सेकंदाला १,६०० उड्या मारतं. एका मार्गिकेत गोंधळ असला तर पुढच्या क्षणी दुसरीत. शिवाय आपलं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात ठेवून चालताना आवाज मध्येच तुटतो तो बऱ्याचदा यामुळे. मध्ये आपणच आडवे आलेले असतो.

म्हणून आवाज आधी आवळून लहान करायचा, पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा. आवळण्या-उलगडण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. ब्लूटूथवर संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक हेडफोनला एसबीसी हा कोडेक यावाच लागतो. त्याचा नेहमीचा वरचा दर्जा सेकंदाला ३२८ किलोबिटांचा. एएसी साधारण २५६ च्या आसपास चालतो. क्वालकॉमचा ॲप्टएक्स ३५२. सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९०, सिग्नल जसा मिळेल तसा. म्हणजे खोक्यावर ९९० छापलेलं असलं तरी गर्दीच्या ठिकाणी तो गुपचूप ३३० वर उतरलेला असू शकतो, आणि तुम्हाला कोणी सांगणार नाही. शिवाय कोडेक दोन्ही बाजूंना यायला हवा. आयफोन ब्लूटूथवर एसबीसी आणि एएसी एवढंच बोलतो. त्याला एलडॅकचा हेडफोन जोडून सोनीच्या आकड्यांवर खूश होणाऱ्याला काय म्हणावं?

१,४११ वरून ३२८ म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त माहिती गेली, आणि ऐकायला हे भयंकर वाटतं. पण कोडेक माहिती आंधळेपणाने कापत नाही. तो आवाजाचे उंच-खालचे पट्टे वेगळे करतो आणि ज्या पट्ट्यात जेवढं महत्त्वाचं, तेवढे बिट तिथे खर्च करतो. या सगळ्याचा आधार म्हणजे आपल्या कानाची एक सवय. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. ढोलावर टिपरी पडते त्या क्षणी शेजारच्या माणसाची कुजबुज हवेत असतेच, पण कानापर्यंत पोचूनही मेंदूपर्यंत पोचत नाही. कोडेक जे टाकतो त्यात अशा कुजबुजीच जास्त. चांगल्या दराच्या एएसीमधलं गाणं आणि मूळ सीडी यांतला फरक डोळे मिटून, नाव न सांगता ओळखायला दिला तर बहुतेक लोक, दर्दी धरून, गडबडतात. टाळ्यांचा कडकडाट, झांजा, एखाद्या तंतुवाद्याचा तीक्ष्ण आघात अशा ठिकाणी कमी दराचा कोडेक पकडला जातो. तंबोऱ्याच्या जवारीसारखा दाट, चमकता आवाजही कोडेकची परीक्षा पाहणारा.

आणखी एक बारकावा. स्ट्रीमिंग ॲपवरचं गाणं मुळात आवळलेलंच येतं. फोन ते उलगडतो, त्यात सूचनांचे टिंगटाँग मिसळतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा आवळतो. झेरॉक्सची झेरॉक्स. तरीही हा तोटा मी यादीत बराच खाली ठेवतो. का ते पुढे येईलच.

ब्लूटूथचे खरे जाचक दोष दोन आहेत, आणि ते दोन्ही संगीताच्या दर्जाबद्दलच्या वादात कोणी काढत नाही.

पहिला उशीर. आवळणं, पाठवणं, साठवणं, उलगडणं यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. नुसतं गाणं ऐकताना कळत नाही. सिनेमा पाहतानाही ॲप चित्र थोडं मागे खेचून ओठ आणि शब्द जुळवून घेतं. पण गेम खेळताना गोळी आधी सुटते आणि आवाज नंतर येतो. कीबोर्डवर सूर वाजवताना तर बोट आणि कान यांची ताटातूट होते. वाजवणाऱ्याला दहा-वीस मिलिसेकंदांच्या पुढचा उशीरही खटकू लागतो. जो वाजवतो, ध्वनिमुद्रण करतो किंवा व्हिडिओ संपादित करतो, त्याच्यासाठी हा वाद इथेच संपला: वायर घ्या.

दुसरा दोष माइकचा. छान गाणं चालू असतं, फोन येतो, आणि सगळं जग एकदम पत्र्याच्या डब्यात गेल्यासारखं वाटतं. बिघाड नसतो तो. माइक सुरू होताच क्लासिक ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून संभाषणाची पद्धत धरतं. कारण आता दोन्ही दिशांना वाहतूक करायची असते. आवाज मोनो होतो आणि सहसा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वेळाच मोजला जातो. मोजमापाच्या निम्म्यापर्यंतच स्वर पकडता येतात, म्हणजे चार-आठ हजार हर्ट्झच्या वर काहीच नाही. लॅपटॉपवर मीटिंग चालू ठेवून मागे गाणं लावणाऱ्यांच्या तक्रारी इथून येतात. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत आणि तिचा एलसी३ कोडेक २०२० मध्ये जाहीर झाला. त्यात हे दुखणं बरंच कमी होतं, पण पुन्हा तीच अट: फोन आणि हेडफोन दोघांनाही तो यायला हवा.

वाटीला भोकं का पाडतात

दर्दी माणूस ज्या वायरच्या हेडफोनचं भरभरून कौतुक करतो, तो जवळजवळ नेहमी ओपन-बॅक असतो. म्हणजे वाटीची पाठ बंद नसते, जाळी असते. जर्मनीच्याच झेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणून ही रीत सुरू केली. तोपर्यंत हेडफोन म्हणजे कानावर दाबून बसवलेल्या दोन बंद डब्या.

ड्रायव्हरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो, तितकीच मागेही ढकलतो. बंद वाटीत मागची लहर भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या आवाजात मिसळते. ओपन-बॅकमध्ये ती निघून जाते. आवाज मोकळा वाटतो, वाद्यं डोक्याच्या आत कोंबलेली न वाटता थोडी बाहेर सरकतात, कानही घामेजत नाही. हा फरक इतका ठसठशीत असतो की बंद वायरलेस काढून ओपन वायरवाला घातला की माणूस 'वा' म्हणतो आणि श्रेय तारेला देतो. तारेचा त्यात काही हात नसतो. उघड्या पाठीचा असतो.

मग वायरलेसवाले पाठ उघडी का ठेवत नाहीत? कारण उघड्या पाठीतून बाहेरचा कोलाहल जसाच्या तसा आत येतो आणि तुमचं गाणं शेजारच्यांना फुकट ऐकू जातं. प्रवासात दोन्ही नकोसं. म्हणजे पोर्टेबल वायरलेस आणि दर्दी माणसाचा घरचा वायरवाला हेडफोन ही दोन वेगळ्या कामांची हत्यारं आहेत आणि त्यांची तुलना म्हणजे छत्री आणि पंखा यांत चांगलं काय असं विचारण्यासारखं. पण लोक विचारतात, म्हणून उत्तर द्यावं लागतं.

सुराचा तोल

हेडफोन कसा वाजतो हे सगळ्यात जास्त कशावर ठरत असेल तर ते खर्ज, मध्य आणि तार भाग किती प्रमाणात ऐकवतो यावर. याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, बोलताना सगळे नुसतं ट्यूनिंग म्हणतात. मापाच्या आलेखावर सरळ रेषा आली की झालं, असं वाटू शकेल. तसं नाही. समोरच्या स्पीकरचा आवाज आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येताना कानाची पाळी आणि कानाची नळी त्याला आकार देतात. ३,००० हर्ट्झच्या आसपास तो दहा डेसिबलहून जास्त फुगतो. हेडफोन कानाला चिकटलेला असल्याने हा फुगवटा त्याने स्वतः थोडाबहुत पुरवावा लागतो, नाहीतर गायक भिंतीपलीकडून गातोय असं वाटतं.

तो फुगवटा नेमका किती, यावर हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ च्या सुमारास ऐकवून-ऐकवून प्रयोग केले. निष्कर्ष साधा होता. बऱ्याच लोकांना तोच हेडफोन आवडतो जो चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजतो. त्यातून निघालेला आलेख हार्मन टार्गेट म्हणून ओळखला जातो. आणि २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं त्यांच्या किमतींशेजारी मांडून पाहिली. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स यांत त्यांना काही नातं सापडलं नाही. महाग हेडफोनात लाकूड, चामडं, हाताची कारागिरी असेल, सुराचा तोल असेलच असं नाही.

वायरलेसची खरी ताकद इथे आहे, आणि गंमत म्हणजे तिचं कौतुक फारसं होत नाही. वायरच्या हेडफोनचं ट्यूनिंग कारखान्यातच पक्कं होतं: पडद्याचा आकार, वाटीची पोकळी, कानाची गादी, एखादा फोमचा तुकडा. चूक राहिली तर राहिली. वायरलेसच्या पोटात संगणक आहे. आत कोणता ड्रायव्हर आहे, त्याला कोणता अँप जोडलाय, हे बनवणाऱ्याला नेमकं माहीत असतं, म्हणून तो ड्रायव्हरचे गुणदोष मोजून सिग्नलच उलटा वाकवून देतो. खर्ज कमी पडतो? वाढवा. कुठे टोचतंय? दाबा. मध्यम ड्रायव्हरसुद्धा यामुळे सुरेल होतो. वायरवाल्यालाही हे करता येतं, फोनवर किंवा लॅपटॉपवर इक्वलायझर लावून. पण बरेच दर्दी इक्वलायझरला हात लावणं कमीपणाचं मानतात आणि त्याऐवजी नवी केबल विकत घेतात. असो.

केबलवरून आठवलं. वायरलेस हेडफोनला सोबत मिळालेली केबल लावून 'आता खरा आवाज येणार' अशी आशा करू नका. अनेक मॉडेलांत केबलमधून आलेली लहर आत पुन्हा आकड्यांत बदलली जाते, संगणकातून जाते आणि मग परत लहर होते. आणि बंद अवस्थेत केबलवर चालणाऱ्या मॉडेलांत इक्वलायझरच सुटतो, त्यामुळे ते उलट बेसूर वाजतात. यूएसबी-सी केबलची गोष्ट वेगळी, तिच्यातून थेट आकडे जातात. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सच्या यूएसबी-सी आवृत्तीला २०२५ मध्ये अशा केबलवरून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं, संगीत ऐकण्याची सोय मिळाली. म्हणजे वायरलेस हेडफोनची एक नवी सुविधा म्हणून तार आली.

ओहमची भीती

वायरवाल्यांच्या दुनियेत शिरणारा माणूस इम्पिडन्स या शब्दाला बिचकतो. इम्पिडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजला जाणारा. खिशातले हेडफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात. झेनहायझरचा १९९७ पासूनचा प्रसिद्ध एचडी ६०० हा ३०० ओहमचा. जास्त ओहमला जास्त व्होल्टेज लागतं, फोनकडे ते नसतं, आवाज लहान येतो. तेव्हा वेगळा अँप हवा. पण फक्त ओहम पाहून उपयोग नाही, दिलेल्या विजेत हेडफोन किती डेसिबल काढतो ही संवेदनशीलताही पाहावी लागते. काही प्लेनार कमी ओहमचे असूनही अँपचा घाम काढतात.

कमी ओहमच्या हेडफोनसाठी तर यूएसबी-सीचं बोटाएवढं डोंगल, म्हणजे डॅक आणि अँप पोटात असलेला छोटा जोड, तेही पुरतं. त्यातले चांगले डोंगल मापाच्या यंत्रावर इतके स्वच्छ येतात की त्यापुढचा मोठा डबा घ्यायचा तर तो ताकदीसाठी किंवा हौसेसाठी घ्यावा. हौस वाईट नाही. तिला तांत्रिक कारणांचा मुखवटा चढवू नये एवढंच.

वायरलेसमध्ये हा अध्यायच नाही. अँप आत, ड्रायव्हरला मापून बसवलेला.

आवाजाने आवाज मारणे

घराबाहेर पडलं की सगळी समीकरणं पालटतात. गाडीचा घरघराट हा बहुतेक खर्जातला असतो आणि तो गाण्यातला खर्ज झाकून टाकतो. मग आपण आवाज वाढवतो. शांत खोलीत जो वायरवाला बारीक-सारीक तपशील दाखवत होता, तो रेल्वेच्या डब्यात सामान्य हेडफोनपुढेही हरतो. ९९० किलोबिटांची चर्चा तिथे कुठे उरते!

नॉइज कॅन्सलेशनची कल्पना जुनी आहे. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना त्यासाठी १९३६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. येणाऱ्या लहरीची अचूक उलटी लहर सोडली की दोन्ही एकमेकींना मिटवतात. प्रत्यक्षात आणायला इलेक्ट्रॉनिक्स तयार नव्हतं. १९७८ मध्ये बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस विमानातून जाताना हेडफोनवर गाणं ऐकायला बसले आणि इंजिनच्या आवाजापुढे काही ऐकू येईना. त्याच प्रवासात त्यांनी गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि सर्वसामान्यांसाठीचा २००० मध्ये आला.

हे तंत्र घरघराट मारतं पण बडबड तितकी का मारत नाही, याचं कारण लहरींच्या लांबीत आहे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर. कानाजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरांत ती फारशी बदलत नाही, उलटी लहर आरामात जुळते. ३,००० हर्ट्झची लहर जेमतेम ११ सेंटिमीटरांची. थोडासा उशीर झाला, हेडफोन जरा सरकला, की उलटी लहर मिटवण्याऐवजी भर घालू लागते. म्हणून वरच्या स्वरांचं काम गादी आणि बंद वाटीवर सोडलेलं असतं. चष्म्याच्या काडीने गादी उचलली गेली तरी तिथून खर्ज गळतो आणि कोलाहल आत येतो. चष्मेवाल्यांनी हेडफोन चष्मा घालूनच पारखावा.

याचा एक फायदा कानाच्या तब्येतीला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०. कोलाहल मागे हटला की आवाज वाढवायचा मोह कमी होतो.

पारखायचं कसं

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकताना सगळ्यात मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून मोठा वाजणारा हेडफोन भरदार आणि लहान वाजणारा पातळ भासतो, ट्यूनिंग एकच असलं तरी. दुकानातल्या निम्म्या पसंत्या अशाच होत असाव्यात.

मोबाइलच्या डेसिबल ॲपने फार नेमकं जमत नाही, पण काही नसण्यापेक्षा बरं. फोनचा माइक कागदाच्या जाड पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकात बसवून, हेडफोन त्यावर टेकवून, एकच आवाज वाजवून दोन्हींची पातळी जवळ आणा. मग तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावा. नवं, चकाचक ध्वनिमुद्रण नको. ज्या गाण्यातला गायकाचा श्वाससुद्धा तुम्हाला माहीत आहे, तेच. दहा-दहा सेकंदांनी अदलाबदल करून फरक शोधू नका, एकावर आठवडाभर ऐका आणि मग दुसऱ्यावर या. सवयीचा तोल मोडला की जे खटकतं, ते खरं.

असं करून पाहिल्यावर माझ्या कानाला लागलेली क्रमवारी सांगतो: ट्यूनिंग, कानावर बसणं, उघडी की बंद पाठ, आणि मग बऱ्याच अंतराने ड्रायव्हरची जात. कोडेक त्याच्याही मागे. एसबीसी जुन्या, हलक्या दराने चालत असेल तर मात्र तो वर चढतो.

बॅटरीचं गणित

आवाजाच्या तुलनेत वायरलेस इतका पुढे आलाय की मला त्याचा हेवा वाटावा. पण एक हिशेब त्याला अजून सुटलेला नाही.

लिथियम-आयन बॅटरी ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता साधारण ८० टक्क्यांवर येते. आता गुणाकार करू. कानावर बसणारा मोठा हेडफोन एका चार्जमध्ये ३० तास चालत असेल, तर ५०० चार्ज म्हणजे १५,००० तास. रोज चार तास ऐकलं तरी दहा वर्षं. बॅटरी नुसत्या वयानेही म्हातारी होते, म्हणून इतकी मिळणार नाहीत, पण चार-पाच वर्षं कुरकुर नसते. इअरबड एका चार्जमध्ये पाच तास चालत असेल, तर तेवढ्याच ५०० चार्जमध्ये २,५०० तास. रोज चार तासांनी दोन वर्षंही पुरी होत नाहीत. शिवाय डबीत ठेवला की तो दर वेळी शंभर टक्क्यांपर्यंत भरून तसाच पडून राहतो, आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं या बॅटरीला मानवत नाही. आत शेंगदाण्याएवढी बॅटरी गोंदाने चिकटवलेली, ती बदलायची तर कवच फोडावं लागतं.

वायरच्या हेडफोनमध्ये झिजतात त्या गोष्टी ठरलेल्या: गाद्या, केबल, पट्टीवरचा फोम. एचडी ६०० चे हे सगळे भाग सुटे मिळतात आणि हाताने बदलता येतात. त्याचा ६.३५ मिलिमीटरचा जाड प्लग तर १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजांच्या फळ्यांवरून आलेला आहे आणि आजही चालतो. ब्लूटूथच्या कुठल्या कोडेकबद्दल असं म्हणता येईल?

युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. काही अपवाद ठेवलेत. तरी हेडफोन बनवणाऱ्यांना गोंदाची बाटली थोडी बाजूला ठेवावी लागेल.

माझ्याकडचा एक वायरलेस हेडफोन चौथ्या वर्षी बसला. चार्जर लावला तर दिवा लागे, काढला की विझे. म्हटलं, हरकत नाही, केबल आहे की. जोडली, गाणं लावलं. काही नाही. त्या मॉडेलात बाहेरून आलेली केबल आतल्या अँपपर्यंतच जात होती, ड्रायव्हरपर्यंत नाही, आणि अँपला जिवंत बॅटरी हवी होती. स्क्रू काढून वाटी उघडली. दोन्ही ड्रायव्हर नव्यासारखे होते, आणि पट्टीतून पलीकडच्या कानाकडे गेलेल्या त्या रंगीत तारा, एकही तुटलेली नव्हती.